कमी वारंवारतेचे दूरचे रेडिओ सिग्नल कसे टिपावेत

३० ते ३०० किलोहर्ट्झ या पट्ट्यातला दूरचा सिग्नल पकडायला निघालेला हौशी माणूस बहुधा अँटेनाच्या लांबीपाशीच अडतो. हौशींना मिळालेल्या १३७ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात तरंगलांबी जवळपास २.२ किलोमीटर भरते, म्हणजे पाव तरंगलांबीचा उभा अँटेना करायचा तर साडेपाचशे मीटर उंचीचा मनोरा लागेल. प्रक्षेपण करणाऱ्याला ही अडचण खरोखरच भोवते, ऐकणाऱ्याला मात्र नाही. या वारंवारतांवर जगभर पडणाऱ्या विजांमुळे निर्माण होणारा नैसर्गिक गोंगाट इतका मोठा असतो, की त्यापुढे रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट नगण्य ठरतो. अँटेना आखूड केला तर सिग्नल आणि हा बाहेरचा गोंगाट दोन्ही सारख्याच प्रमाणात घटतात आणि त्यांचे गुणोत्तर जागचे हलत नाही. त्यामुळे पुढील विवेचनाचा भर अँटेना मोठा करण्यावर नसून, घरातला विद्युत गोंगाट घालवणे आणि जे दिसले ते खरोखरच दूरचे आहे याची खातरजमा करणे यांवर आहे.

सिग्नल दूरवर पोहोचतो कसा

कमी वारंवारतेचा तरंग दोन वाटांनी येतो. पहिली वाट जमिनीलगतची. जमीन किंवा समुद्र जितका चांगला विद्युतवाहक, तितका हा भूतरंग दूर जातो. म्हणून खाऱ्या पाण्यावरचा मार्ग नेहमीच लाभदायक असतो, तर बर्फाच्या जाड थरावरून जाणारा मार्ग सिग्नल झपाट्याने खातो. दुसरी वाट आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांतून, परावर्तित होऊन येणाऱ्या आकाशतरंगाची. दिवसा हे परावर्तन साधारण ७० किलोमीटर उंचीवर, आयनांबराच्या सर्वात खालच्या डी थरात होते आणि तिथे सिग्नलची बरीच ऊर्जा शोषली जाते. रात्री डी थर विरतो, परावर्तनाची पातळी ९० किलोमीटरच्या आसपास जाते आणि शोषण एकदम कमी होते. १३७ किलोहर्ट्झवर दिवसाही काही आकाशतरंग शिल्लक राहतो. हौशींच्या दुसऱ्या पट्ट्यात, म्हणजे ४७५ किलोहर्ट्झवर, तो जवळजवळ संपतो आणि सगळा खेळ रात्रीवर येऊन ठेपतो. याउलट ३० किलोहर्ट्झच्या खाली पृथ्वीचा पृष्ठभाग आणि आयनांबर मिळून एक पोकळ नळीच तयार होते, आणि तिच्यातून सिग्नल दिवसाही हजारो किलोमीटर स्थिरपणे जातो.

या दोन वाटांमुळे एक गोष्ट घडते, जी माहीत नसेल तर नोंदी वाचताना हमखास गोंधळ होतो. ढोबळमानाने ५०० ते १००० किलोमीटरच्या टप्प्यात रात्री भूतरंग आणि आकाशतरंग जवळपास सारख्याच ताकदीचे असतात. ते एकमेकांना कधी साथ देतात, कधी छेद देतात, आणि सिग्नल काही मिनिटांत खोल बुडून पुन्हा वर येतो. अशा अंतरावरचे केंद्र रात्री दिवसापेक्षा कमजोर वाटले तर उपकरणात दोष शोधत बसू नये.

दूरच्या मार्गासाठी वेळ ठरवताना दोन्ही टोकांमधला बृहद्वृत्त मार्ग, म्हणजे पृथ्वीच्या गोलावरचा सर्वात जवळचा मार्ग, काढावा, आणि तो संपूर्ण अंधारात केव्हा असतो ते पाहावे. नकाशावर पट्टी ठेवून काढलेली सरळ रेषा येथे फसवते. पश्चिम युरोपातून उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे जाणारा खरा मार्ग थेट ग्रीनलंड आणि आर्क्टिक प्रदेशावरून जातो, आणि तो अवघड का आहे हे त्यावरूनच कळते.

अंधार मोजतानाही जमिनीवरचा सूर्योदय धरू नये. ७५ किलोमीटर उंचीवरून पाहिले तर क्षितिज सुमारे ९ अंश खाली असते, म्हणजे सूर्य आपल्या क्षितिजाखाली ९ अंशांवर असतानाच डी थरावर ऊन पडू लागते. विषुववृत्ताजवळ सूर्य तासाला १५ अंश चढतो, त्यामुळे तिथे हा फरक सुमारे ३५ मिनिटांचा होतो. ५० अक्षांशांवर सूर्य तिरका चढत असल्याने तो तासाभरावर जातो. आता समजा, दोन ठिकाणांच्या रेखांशांत ६० अंशांचा फरक आहे आणि दिवस-रात्र समान आहेत. पूर्वेकडचा सूर्योदय पश्चिमेकडच्यापेक्षा चार तास आधी होणार, म्हणून दोन्हीकडे एकाच वेळी अंधार आठ तास मिळतो, आणि दोन्ही टोकांची ही उंचावरची संधिप्रकाशाची वेळ वजा केली की हाती सहा ते सात तास उरतात. मार्ग खुला होतो तो पश्चिमेकडच्या टोकाला रात्र झाल्यावर, आणि बंद होतो तो पूर्वेकडच्या टोकाला उजाडण्याआधी. नोंदी ठेवणाऱ्याने ही दोन टोके आलेखावर आधीच आखून ठेवावीत.

सुरुवात कालसंकेतांपासून करावी

हौशी केंद्रांचे क्षीण सिग्नल शोधण्याआधी, जे सतत चालू असतात आणि ज्यांची वारंवारता अणुघड्याळाला बांधलेली असते अशा, अचूक वेळ प्रसारित करणाऱ्या कालसंकेत केंद्रांवर हात बसवावा. जर्मनीतील माइनफ्लिंगेन येथील डीसीएफ७७ हे ७७.५ किलोहर्ट्झवर, चीनचे बीपीसी ६८.५ वर आणि जपानचे जेजेवाय ४० तसेच ६० किलोहर्ट्झवर ऐकू येते. ६० किलोहर्ट्झवरच इंग्लंडमधील अँथॉर्न येथील एमएसएफ आणि अमेरिकेतील फोर्ट कॉलिन्स येथील डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी हीसुद्धा आहेत.

एकाच वारंवारतेवरची ही तीन केंद्रे वेगळी कशी ओळखायची, हा उत्तम सराव आहे. त्यासाठी सेकंदाच्या ठोक्यावर काय घडते ते पाहावे. एमएसएफ ठोक्यावर आपली वाहक लहर (माहिती वाहून नेणारी मूळ लहर) किमान ०.१ सेकंद पूर्ण बंद करते. डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी ती बंद न करता तिची शक्ती १७ डेसिबलने खाली आणते, आणि ती ०.२, ०.५ किंवा ०.८ सेकंदांनी पुन्हा वर नेते. जेजेवायचे उलट आहे: ठोक्यावर सिग्नल वर जातो आणि नंतर पडतो. संगणकाचे घड्याळ नेमके लावून सिग्नलच्या तीव्रतेचा आलेख सेकंदावर सेकंद रचला, तर काही मिनिटांची सरासरी काढताच पायरी वर जाते की खाली हे दिसते, आणि कानाला काहीच ऐकू येत नसतानाही केंद्र ओळखता येते. डीसीएफ७७ तर आणखी सोपे आहे, कारण मिनिटाच्या शेवटच्या सेकंदाला त्याचा ठोकाच पडत नाही.

थोडे वर, साधारण १९० ते ५३५ किलोहर्ट्झच्या दरम्यान, विमानांना दिशा दाखवणारे बीकन आपली दोन-तीन अक्षरे मोर्समध्ये अखंड पाठवत असतात. त्यांची शक्ती बहुधा काही दहा वॉट इतकीच असते, म्हणून ते हजार किलोमीटरवरून मिळाले तर आपली व्यवस्था नीट चालली आहे असे समजायला हरकत नाही.

अँटेना आणि रिसीव्हर

निवड मुख्यतः दोघांतली आहे. एक म्हणजे मीटरभर लांबीची किंवा त्याहूनही आखूड दांडी आणि तिच्या बुडाशी उच्च रोधाचा प्रवर्धक, म्हणजेच अॅक्टिव्ह व्हिप. दुसरा म्हणजे मीटरभर व्यासाचा, बऱ्याच वेढ्यांचा लूप. व्हिप सर्व दिशांनी ऐकतो आणि एकाच वेळी सगळा पट्टा देतो, पण तो घराच्या विद्युत क्षेत्राबाहेर, उघड्यावर आणि उंचावर असेल तरच उपयोगाचा. लूपची ग्रहणक्षमता इंग्रजी आठाच्या आकाराची असते. त्याच्या दोन बाजूंना अगदी धारदार शून्य, म्हणजे जिथून जवळजवळ काहीच ऐकू येत नाही अशी दिशा, मिळते आणि ते शेजारच्या गोंगाटावर रोखता येते. घर दाटीवाटीच्या वस्तीत असेल तर माझा कौल लूपलाच आहे.

व्हिप लावणाऱ्यांची सर्वात मोठी फसगत केबलमुळे होते. घरातला गोंगाट कोअॅक्सच्या बाहेरच्या जाळीवरून थेट अँटेनाच्या बुडापर्यंत जातो आणि प्रवर्धकाला तो सिग्नलच वाटतो. त्यावर उपाय म्हणजे अँटेनापाशी जमिनीत स्वतंत्र सळई ठोकून तिथेच जाळी अर्थ करणे, आणि घराच्या टोकाला दोन अलग वेढ्यांचा ट्रान्सफॉर्मर घालून रिसीव्हरची अर्थ अँटेनाच्या अर्थपासून तोडणे. प्रवर्धकाला वीज त्याच केबलमधून जात असेल, तर तो ट्रान्सफॉर्मर वीज जिथे केबलमध्ये शिरते त्याच्या रिसीव्हरकडच्या बाजूला बसवावा, आणि ती वीज बॅटरीवरून घ्यावी.

रिसीव्हरबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. खाली काही किलोहर्ट्झपर्यंत जाणारा कोणताही चांगला एसडीआर, म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणारा रिसीव्हर, चालतो. स्वस्त आरटीएल-एसडीआरला मात्र वारंवारता वर उचलणारा अपकन्व्हर्टर जोडावा लागतो. जवळपास मध्यम लहरींचे प्रक्षेपण केंद्र असेल तर ५०० किलोहर्ट्झच्या वरचे सगळे अडवणारा फिल्टर आधी लावावा, नाहीतर त्या केंद्राची भुते, म्हणजे खोटे सिग्नल, सगळ्या पट्टाभर नाचताना दिसतील. ३० किलोहर्ट्झच्या खालच्या सिग्नलसाठी तर संगणकाचे साउंडकार्डच रिसीव्हर होते: सेकंदाला ९६ हजार नमुने घेणारे कार्ड जवळजवळ ४८ किलोहर्ट्झपर्यंत ऐकते. ४८ हजार नमुन्यांवर समाधान मानले तर २४ किलोहर्ट्झवरचे, अमेरिकेतील कटलर येथील एनएए हे नौदलाचे केंद्र नेमके मर्यादेवर सापडून निसटते.

अँटेना पुरेसा आहे की नाही हे तपासण्याची रीत साधी आहे. दुपारच्या शांत वेळी अँटेना जोडून आणि काढून गोंगाटाची पातळी पाहावी. काढल्यावर ती १० डेसिबलने किंवा त्याहून जास्त खाली येत असेल, तर अँटेना मोठा करून काहीही साधणार नाही.

घरातला गोंगाट

खरे काम येथे आहे. मोबाइलचे चार्जर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, सौर इन्व्हर्टर, राउटरचे अडॅप्टर या सगळ्यांतले स्विचिंग पुरवठे काही दहा ते काही शे किलोहर्ट्झवर चालतात, म्हणजे नेमके आपल्या पट्ट्यात. वॉटरफॉलवर, म्हणजे वेळेबरोबर सरकणाऱ्या वारंवारतांच्या चित्रावर, त्यांची खूण पटते: रुंद, धुरकट पट्टा, जो भार बदलला किंवा तापमान चढले की हळूहळू सरकत जातो. ५० किंवा ६० हर्ट्झच्या अंतराने ओळीने उभ्या असलेल्या रेषा दिसल्या तर तो विजेच्या मुख्य जोडणीतून येणारा गोंगाट समजावा. दूरच्या कोणत्याही केंद्राची वाहक लहर अशी सरकत नाही.

शोध घेताना रिसीव्हर आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवावेत आणि घराचा मुख्य स्विच बंद करावा. गोंगाट गेला तर दोषी घरातच आहे. मग एकेक सर्किट चालू करत त्याच्यापर्यंत पोहोचता येते. गोंगाट तसाच राहिला तर तो शेजारून किंवा रस्त्यावरून येतो आहे, आणि अशा वेळी लूप फिरवून त्याची दिशा काढणे हाच मार्ग उरतो. दोषी सापडला तर तो बदलणे सर्वात उत्तम. बदलता येत नसेल तर त्याच्या तारेवर फेराइट रिंग लावावी, पण येथे एक खबरदारी घ्यावी लागते. लघुलहरींसाठी वापरली जाणारी, नुसती तारेवर चिमटा मारून बसवायची रिंग १३७ किलोहर्ट्झवर जवळजवळ निरुपयोगी आहे. उच्च चुंबकीय पारगम्यतेची रिंग घेऊन तिच्यावर तारेचे पंधरा-वीस वेढे घातले, तरच फरक पडतो.

सावकाश ऐकणे

हौशी केंद्रांचे दोन पट्टे येथे महत्त्वाचे आहेत. १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ हा पट्टा २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेने आणि ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ हा २०१२ च्या परिषदेने हौशींना दुय्यम हक्काने दिला. पहिल्यात प्रभावी विकिरित शक्ती १ वॉटपर्यंतच ठेवावी लागते आणि दुसऱ्यातही मर्यादा साधारण तशीच असून काही देशांत ती ५ वॉटपर्यंत जाते. एवढ्या शक्तीचा सिग्नल महासागर ओलांडून आला तरी कानाला ऐकू येत नाही. तो ऐकायचा तर वेळ लांबवावा लागतो.

क्यूआरएसएस नावाच्या पद्धतीत मोर्सचा एक टिंब ३, १०, ३० किंवा ६० सेकंद चालतो, आणि तो कानाने न ऐकता वॉटरफॉलवर डोळ्याने वाचायचा असतो. ६० सेकंदांच्या टिंबासाठी विश्लेषणाची खिडकी ६० सेकंदांची ठेवली तर चित्रातल्या वारंवारतेच्या प्रत्येक रकान्याची रुंदी ०.०१७ हर्ट्झ होते. नेहमीच्या आवाजाच्या २५०० हर्ट्झ रुंदीशी तुलना केली तर गोंगाट सुमारे ५२ डेसिबलने घटतो. किंमत अर्थातच वेळेची मोजावी लागते: एक कॉलसाइन, म्हणजे केंद्राचे ओळखनाव, पूर्ण वाचायला तासभर सहज जातो. स्पेक्ट्रम लॅब हा प्रोग्रॅम या कामासाठी पुरेसा आहे.

इतक्या अरुंद रकान्यात सिग्नल स्थिर राहायचा तर रिसीव्हरचा ऑसिलेटरही स्थिर हवा. १३७ किलोहर्ट्झवर दहा लाखात एक भाग इतकी चूक ०.१३७ हर्ट्झ होते, म्हणजे सिग्नल आठ रकाने सरकतो. जीपीएसला बांधलेला ऑसिलेटर असला तर प्रश्नच मिटतो. तो नसेल तर डीसीएफ७७ किंवा आपल्याला जे कालसंकेत केंद्र मिळते त्याची वाहक लहर मापदंड म्हणून वापरावी. तापमान स्थिर झाल्यावर, म्हणजे रिसीव्हर चालू करून दोन-तीन तासांनी घेतलेली दुरुस्ती बऱ्यापैकी टिकते.

ज्यांना वॉटरफॉलकडे टक लावून बसायचे नाही त्यांच्यासाठी डब्ल्यूएसपीआर आहे, ज्यात संगणकच सिग्नल वाचतो. दोन मिनिटांच्या खिडकीत, सुमारे ६ हर्ट्झ रुंदीत, कॉलसाइन, ठिकाण आणि शक्ती एवढेच पाठवणारी ही पद्धत २००८ मध्ये आली. रिसीव्हर अपर साइडबँडमध्ये १३६.० किंवा ४७४.२ किलोहर्ट्झवर लावला की सिग्नल १४०० ते १६०० हर्ट्झच्या स्वरांत येतात. संगणकाचे घड्याळ सेकंदभराच्या आत बरोबर असले पाहिजे. त्याहून क्षीण सिग्नलसाठी एफएसटी४डब्ल्यू ही पद्धत ५, १५ आणि ३० मिनिटांच्या खिडक्याही देते, आणि १३७ किलोहर्ट्झच्या स्थिर मार्गावर तीच अधिक उपयोगी पडते.

दिसलेला सिग्नल खरा कशावरून

अपेक्षा बांधून पाहणाऱ्या डोळ्याला गोंगाटातही अक्षरे दिसतात. कोणाचे प्रक्षेपण चालू आहे हे आधी माहीत असेल तर अर्ध्या पुसट रेषा आपोआप जोडल्या जातात. म्हणून चित्र आणि मूळ ध्वनिफीत साठवावी आणि शक्यतो ज्याला कॉलसाइन माहीत नाही अशा व्यक्तीकडून ते वाचून घ्यावे.

अँटेना काढल्यावर सिग्नल नाहीसा झाला, हा पुरावा पुरेसा नाही. घरचा गोंगाटही तसाच नाहीसा होतो. दिवस आणि रात्र यांतला फरक जास्त बोलका असतो. हजारो किलोमीटरवरून आलेला १३७ किलोहर्ट्झचा सिग्नल दुपारी आणि मध्यरात्री अगदी सारखा असूच शकत नाही, आणि मार्ग बंद होण्याची आपण काढलेली वेळ व सिग्नल विरण्याची वेळ जुळली तर संशयाला जागा राहत नाही. लूप असेल तर त्याचे शून्य त्या केंद्राच्या बृहद्वृत्त दिशेवर पडते का ते पाहावे. हे भूतरंगाबाबत काटेकोर जुळते, रात्रीच्या आकाशतरंगाबाबत शून्य पुसट होते. इंटरनेटवर उपलब्ध असलेल्या दूरच्या किवीएसडीआर रिसीव्हरवर तीच वारंवारता त्याच वेळी तपासणे हा सोपा पडताळा आहे.

डब्ल्यूएसपीआरचा डीकोडरही अधूनमधून गोंगाटातून खोटी कॉलसाइन काढतो. एकच सुटी नोंद, तीही कॉलसाइनचा देश आणि ठिकाण यांचा मेळ न बसणारी असेल, तर ती सोडून द्यावी. त्याच केंद्राची एकाच रात्रीत त्याच वारंवारतेवर पुन्हा नोंद झाली, तरच ती ग्राह्य धरावी.

रोजची नोंद

एका कालसंकेत केंद्राची तीव्रता चोवीस तास, मिनिटाला एक याप्रमाणे नोंदवणारी व्यवस्था लावून ठेवावी, आणि वेळ नेहमी यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहावी. काही आठवड्यांत त्या मार्गाचा स्वभाव समजतो: दिवसभराची सपाट रेषा, सूर्यास्ताच्या सुमारास खड्डा, रात्रीची चढउतार आणि सूर्योदयाला पुन्हा खड्डा. दिवसाच्या सपाट रेषेवर अचानक, चार-पाच मिनिटांत उडी किंवा घसरण दिसली आणि ती पुढे अर्ध्या तासापासून दोन तासांत सावकाश पूर्ववत झाली, तर ती सौरज्वाला असण्याची शक्यता मोठी. ज्वालेतील क्ष-किरण डी थर दाट करतात. अमेरिकेच्या गोज उपग्रहांचा क्ष-किरणांचा आलेख उघडून वेळ जुळते का ते लगेच पाहता येते. रात्रीच्या मार्गावर ही खूण उमटत नाही, कारण ऊन पडलेल्या बाजूलाच हा परिणाम होतो.

भूचुंबकीय वादळाचा परिणाम वेगळा असतो. वादळ शमल्यावरही उच्च अक्षांशांवरचे मार्ग कित्येक दिवस मलूल राहतात, त्यामुळे त्या काळात मिळालेल्या शून्य नोंदींवरून अँटेनाबद्दल निष्कर्ष काढू नयेत. दूरच्या मार्गांसाठी हिवाळा चांगला, कारण रात्री मोठ्या आणि विजा कमी. विषुववृत्त ओलांडणाऱ्या मार्गांना मात्र मार्च आणि सप्टेंबरच्या आसपासचे दिवस मानवतात, कारण तेव्हा दोन्ही गोलार्धांत रात्र सारखीच असते.

प्रक्षेपणाकडे वळायचे असेल तर आपल्या देशाचा परवाना या पट्ट्यांना लागू आहे का ते आधी पाहावे. १२ मीटर उंचीच्या, वर आडव्या तारा असलेल्या अँटेनाचा विकिरण रोध (प्रत्यक्ष प्रक्षेपित होणाऱ्या शक्तीचा वाटा ठरवणारा रोध) १३७ किलोहर्ट्झवर ०.०५ ओहमच्या आसपास येतो, तर जमीन आणि कॉइल मिळून ६० ओहम सहज गमावतात. १ वॉट प्रभावी शक्तीसाठी मग ४०० वॉटच्या आसपास द्यावे लागतात, आणि अशा वेळी तारेच्या टोकाला १० हजार व्होल्टपर्यंत दाब चढतो. तार हाताच्या पोहोचेबाहेर, झाडापासून दूर आणि चांगल्या विद्युतरोधकावरच बांधावी.

ठरलेल्या दिवशीचा सराव हवा असेल तर स्वीडनमधील ग्रिमेटन येथील एसएक्यू हे केंद्र आहे. १९२० च्या दशकातला त्याचा फिरता अलेक्झांडरसन अल्टरनेटर १७.२ किलोहर्ट्झवर अजूनही मोर्स पाठवतो, बहुधा २४ डिसेंबरच्या सकाळी आणि जूनअखेर किंवा जुलैच्या आरंभी. मीटरभराचा लूप, प्रवर्धक आणि साउंडकार्ड एवढी सामग्री युरोपात त्यासाठी पुरते. यंत्राचा वेग धरायला वेळ लागत असल्याने प्रक्षेपणाच्या सुमारे अर्धा तास आधीपासून त्या वारंवारतेवर वाहक लहर दिसू लागते का ते पाहत राहावे, आणि मिळालेल्या सिग्नलचा अहवाल वेळ व अँटेना यांच्या तपशिलासह केंद्राकडे पाठवावा.